काटा शंभरावर

तळोदा मागे पडलं तरी काटा शंभरावरच होता. हेमकांतने पुढच्या सीटवरून मान वळवून पुन्हा एकदा पाहिलं आणि त्याला हायसं वाटलं. मागे त्याची आई जसोदाबाई आडवी झाली होती. तोंडाला मास्क, पायाशी दाबाचा काटा असलेली ऑक्सिजनची टाकी, उशाशी हेमकांतची बायको प्रतिभा. आईची फुफ्फुसं थकली होती. आजच्या आज सुरतला हलवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

हेमकांत लोणखेड्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. हिशोब त्याने घरीच मांडला होता. दहा लिटरची टाकी, आत बाहेरच्या हवेच्या शंभरपट दाब. म्हणजे बाहेर हजार लिटर वायू. मिनिटाला चार लिटर. चार तास पुरेल. सुरतही चार तासांवरच. पण वाटेत ट्रक आडवा झाला तर? टायर फुटलं तर? हा ‘तर’ सकाळपासून त्याच्या मानगुटीवर बसला होता.

निघाल्यापासून जसोदाबाई मास्क ओढत होत्या. "काढ रे भाऊ हाई. मन्हा जीव गुदमरी ऱ्हायना."

"ऱ्हाऊ दे, माय. त्यामाच तुन्हा जीव शे," म्हणत हेमकांतने दर वेळी तो पुन्हा घट्ट बसवला. तळोद्यानंतर त्या शांत झाल्या. डोळाही लागला. चला, एवढं तरी बरं झालं, असं प्रतिभाला वाटलं.

अक्कलकुव्यात ड्रायव्हर पितांबरने वेग कमी केला. "सर, आठे दवाखाना शे. टाकी बदली लेवू का?"

एव्हाना काटा बराच उतरायला हवा होता, हे हेमकांतला कळत होतं. पण शिकलेल्या माणसाला कारणांची काय वानवा! मे महिन्याचं ऊन, टाकी तापलेली. वायू तापला की दाब वाढतो, खर्च झालेला भरून निघतो. त्याने हे प्रतिभाला समजावूनही सांगितलं. "नको, चाल पुढे," तो पितांबरला म्हणाला.

गुजरातची हद्द लागली. पितांबरने आरशातून टाकीकडे पाहिलं आणि तो हसला. "सर, मन्हा डिझेलना काटा बी असा एक जागे ऱ्हाता तं काय मज्या ऱ्हाती! पन तो गाडी बंद ऱ्हास तवयच एक जागे ऱ्हास."

हेमकांतही हसला, आणि मध्येच थांबला.

"गाडी थांबाड!"

तो मागे झेपावला. टाकीचं तोंड उघडं होतं, पण नळीकडची चावी बंद होती. आईला गाडीत ठेवताना वायू वाया जाऊ नये म्हणून त्यानेच ती फिरवली होती. त्याने ती पूर्ण उघडली. मास्कमधून सूं असा आवाज येऊ लागला. प्रतिभा सासूला हाका मारत राहिली.

काटा हलला. आई हलली नाही.