मुक्या पेट्या

“आन् आमच्या कोप्या?” नकुशीनं विचारलं.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सुमैयाचा नकाशा पसरलेला होता. घोड नदीकाठचं गाव, भोवती ऊस आणि उसात बिबटे. उसाच्या कडेनं चौदा कॅमेरे बसणार होते. बिबट्या दिसला की कॅमेरा पाण्याच्या टाकीवरच्या टॉवरला कळवणार, टॉवर घराघरावरच्या भोंग्याच्या पेट्यांना कळवणार आणि पेट्या वाजणार. मध्ये माणूस कुठंच नाही.

प्रत्येक पेटीला एक नंबर होता. तोच तिचा पत्ता. दर दहा मिनिटांनी प्रत्येक पेटीनं आणि कॅमेऱ्यानं आपल्या पाळीला टॉवरला सांगायचं, मी चालू आहे. एका पाळीला तीन सेकंद. दहा मिनिटांत दोनशे पाळ्या. चौदा कॅमेऱ्यांच्या आणि एकशे शहाऐंशी घरांच्या. तिथंच संपल्या.

सुमैया केडगावची. पुण्याच्या एका लहान कंपनीत चार वर्षं काम करत होती. एकटीनं केलेला हा तिचा पहिला आराखडा. तिनं घरं ग्रामपंचायतीच्या रजिस्टरवरून मोजली होती. ऊसतोडीची माणसं दिवाळीला येतात आणि होळीला जातात. त्यांच्या पाचटाच्या एकतीस झोपड्या, म्हणजे कोप्या, रजिस्टरात नव्हत्या. नकुशी त्यातल्याच एकीत राहायची. ती ओट्याखाली उभी होती, हातात कोयता तसाच.

“त्या चार महिने राहत्यात,” सोपानराव म्हणाले. गावातलं जुनं, वजनदार माणूस. “आमची घरं बारा महिने हायत. घराची नोंद न्हाई, तर पत्ता कुठला द्यायचा?”

बऱ्याच माना हलल्या. सरपंच मायाताईंनी सुमैयाकडं पाहिलं. “दुसरा टॉवर?”

“या वर्षी एकच मंजूर आहे.” सुमैयानं नकाशावरून बोट फिरवलं. “पेट्या शिल्लक आहेत, ताई. पाळ्या नाहीत. पण एक करता येईल. सगळ्या कोप्यांना मिळून एकच पत्ता देऊ. टॉवरनं तो पुकारला की एकतीसच्या एकतीस पेट्या वाजतील. फक्त त्यांनी उलट उत्तर द्यायचं नाही. सगळ्या एकदम बोलल्या तर टॉवरला एकीचंही कळणार नाही.”

“म्हंजी मुक्या पेट्या,” कुणीतरी म्हणालं.

“हो. ऐकतील, वाजतील. बोलणार नाहीत.”

मायाताईंना हायसं वाटलं. कुणाचं काही जात नव्हतं आणि सगळ्यांना मिळत होतं. ग्रामसेवकानं वहीत लिहायला घेतलं. सुमैयालाही बरं वाटलं. उत्तर सुटसुटीत होतं.

“ताई,” नकुशी सुमैयाला म्हणाली, “गावातली पेटी बंद पडली तर?”

“टॉवरला दहा मिनिटांत कळेल. माणूस येऊन दुरुस्त करेल.”

“आन् आमची?”

पेट्या सहसा बंद पडत नाहीत, असं सुमैयाला सांगता आलं असतं. तिला ते सांगवेना.

“तुमची कळणार नाही,” ती म्हणाली. “बिबट्या येईल, पेटी वाजणार नाही आणि ती वाजली नाही हे इकडं कुणाला समजणारही नाही.”

नकुशी भांडली नाही. “तरी द्या,” ती म्हणाली. “काहीच नसल्यापरीस बरी.”

उठायला निघालेले सोपानराव परत खाली बसले.

“म्याडम, माझी पेटी मुकी केली तर एक पाळी मोकळी व्हती का?”

“होते, आप्पा.”

“मग करा. ती पाळी हिच्या कोपीला द्या. गावठाणात भितीला भित हाय. माझी बंद पडली तर शेजारची ऐकू यील. तिथं उसात शेजारी कोण हाय?”

दोन माणसं उठून गेली. बाकीची बसून राहिली. मग पलीकडून एकानं नाव सांगितलं, मग आणखी एकानं. दुपारपर्यंत एकोणतीस नावं झाली. ग्रामपंचायतीची आणि सोसायटीची अशा दोन पेट्या मायाताईंनी दिल्या. सुमैयानं त्याच ओट्यावर बसून सगळे पत्ते नव्यानं मांडले. मुका पत्ता आता गावातल्या एकतीस पेट्यांचा झाला होता आणि एकतीस कोप्यांना आपापला नंबर मिळाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती कोप्यांवर पेट्या बसवायला गेली. माणसं तोडीला गेली होती. सोपानराव न बोलावता आले आणि बांबू धरून उभे राहिले. उन्हं तापेपर्यंत ते तिच्याबरोबर कोपी-कोपीनं फिरत होते. नकुशीच्या कोपीवर शेवटची पेटी बांधली. त्या पेटीनं पहिल्यांदा उत्तर दिलं तेव्हा सुमैयाच्या मोबाइलवर हिरवा ठिपका उमटला. तिनं तो सोपानरावांना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला.

“आप्पा, एक विचारू? सभेत आधी नाही म्हणणारे तुम्हीच होता.”

सोपानरावांनी बांबू सोडला नाही.

“नकुशीची जाऊ व्हती, साखरबाई. गेल्या साली दिवस मावळताना बिबट्यानं तिला हितनंच उचलली. आमची आळी ती समोर दिसती, तीच. मी वट्यावर च्या पीत व्हतो. तिची हाक आली. एकदा न्हाई, तीनदा.”

सुमैयानं समोरच्या आळीकडं पाहिलं.

“समद्या आळीनं ऐकली, पोरी. आन् परत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी गेलं आसंल.”