नवऱ्याची सही

चौथ्या बाळंतपणात सून मरता मरता वाचली होती. पाचवं झेपणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं, म्हणून सासूच तिला तांबी बसवायला दवाखान्यात घेऊन गेली. नर्सने कागद पुढे सरकवला. “नवऱ्याची सही लागेल.” “तो नाही करणार,” सासू म्हणाली. “पोरं देवाची देणगी, म्हणतो. कळा काय देव सोसतो?” “सहीशिवाय बसवता येत नाही, आजी.” सासूने शाईचं पॅड ओढलं. “त्याला मी जन्म दिलाय. माझा अंगठा घ्या.” नर्सने अंगठा न घेताच कागद फाइलीत ठेवला. दोघी घरी परतल्या. संध्याकाळी सासूने आपलं अंथरूण सुनेशेजारी पसरलं. मुलगा दारातच थबकला. “आई, हे काय?” “तू सही करेपर्यंत मी इथेच झोपणार.” तो हसला. “झोप. मला कसली घाई?” सुनेने सासूच्या पायांवर पांघरूण घातलं. सासूची सत्तरी उलटली होती.