डबल बेल

"निरोगी पेशी गरजेपुरती वाढते आणि थांबते," डॉक्टर म्हणाल्या. "थांबायची खूण बिघडली की ती वाढतच सुटते, तोच कॅन्सर. ही नवी गोळी तिला थांबवू बघते."

केशरला हे लगेच कळलं. नवऱ्याचा जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेला होता. घशाच्या कॅन्सरने आवाज नेल्यापासून ते खाटेच्या दांडीवर चमचा वाजवूनच बोलत. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आजवरच्या प्रत्येक उपचाराला त्यांनी डबल बेल दिली होती.

"अहो, एवढी गोळी घेऊन बघू," ती म्हणाली.

त्यांनी थकल्या हाताने चमचा उचलला आणि एकदा वाजवला.

केशर दुसऱ्या ठोक्याची वाट बघत राहिली. त्यांनी चमचा अलगद तिच्या हातात ठेवला.