मौनीबाबा

टीव्हीवर चौघी मुली आरशासमोर ओळीनं उभ्या राहून मिश्या चिकटवत होत्या, तोवर थोरलीही सगळ्यांबरोबर हसत होती. ही अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी धाटणीची कार्टून मालिका, तिच्या धाकट्या बहिणीनं लिहिलेली. पहिला भाग रविवारी सकाळी दहाला, आणि आई पावणेदहापासूनच टीव्हीसमोर ठाण मांडून बसलेली. पुरुष बनून वर्कशॉपमध्ये शिरलेल्या चार मुली, आणि त्यातली एक तिथल्या फिटरच्या प्रेमात. थोरलीनं स्वतः तीन वर्षं अशीच काढली होती, केस कापून, छाती आवळून बांधून, एका वर्कशॉपात लेथ मशीनवर. बायांना तिथं लेथला हात लावू देत नसत. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यातलं काही धाकटीनं उचललं असेल तर उचलू दे, घरचीच तर गोष्ट, असं थोरलीला वाटलं.

मग मालिकेत जेवणाची सुटी झाली. फिटर हत्यारांच्या पेटीवर येऊन बसला, निळ्या केसांच्या नायिकेच्या खांद्यावर त्यानं डोकं टेकलं आणि म्हणाला, "सकाळी आईचा फोन आला होता. कटकट करेल म्हणून मी कट केला. दुपारी ती गेली."

थोरलीचा कप ओठांपाशी थांबला.

शब्द न शब्द तोच होता. खऱ्या फिटरनं हे आयुष्यात एकदाच सांगितलं होतं, तिला, खांद्यावर डोकं ठेवून. आणि तेव्हा ती काहीच बोलली नव्हती. तोंड उघडलं असतं तर बाईचा आवाज निघाला असता. म्हणून समोरच्या डब्यातले वॉशर एकेक करून मोजत बसली, सुटी संपल्याचा भोंगा होईपर्यंत. नाहीतरी वर्कशॉपात सगळे तिला मौनीबाबाच म्हणायचे.

पडद्यावरची नायिकाही वॉशर मोजू लागली. मोजता मोजता तिची मिशी सुटली आणि फिटरच्या केसांना चिकटली. तो डोळे पुसत उठला, डोक्यावर मिशी घेऊन वर्कशॉपभर हिंडला, आणि चौघी मुली ती काढायला त्याच्या मागं धावत सुटल्या. आईची हसून हसून मुरकुंडी वळली.

"खरंच चिकटली होती का गं?" आईनं पदर डोळ्यांना लावत विचारलं.

"मला मिशी नव्हतीच," थोरली म्हणाली. मग तिनं कप खाली ठेवला. "हे का घातलंस?"

"कोणतं?" धाकटीचे डोळे पडद्यावरच होते.

"आईच्या फोनचं."

"अगं ताई, तेच तर मुख्य आहे. नुसत्या मिशीवर कोण हसणार? आधी रडवायला लागतं. आणि कोण ओळखतंय? सगळ्यांचे केस निळे-जांभळे आहेत."

"ते त्याचं होतं. माझंसुद्धा नव्हतं."

"मग मला कशाला सांगितलंस?" धाकटीनं आता तिच्याकडं पाहिलं. तिला खरंच कळत नव्हतं. "तापात पडली होतीस तेव्हा मी रात्रभर उशाशी बसले, तू बोलत होतीस. सांगू नकोस असं काही म्हणाली नव्हतीस. आणि चिडतेस काय? बाराव्या भागात त्याला सगळं कळतं आणि तुमचं लग्न लावते मी."

पाठच्या बहिणीला सांगताना तोंडाला कुलूप लाव म्हणून वेगळं सांगावं लागतं, हे थोरलीला माहीत नव्हतं. तिला रडूही येईना. ज्या घरात निर्धास्त झोपावं तिथंच कुणीतरी खिसे चाचपून गेल्यासारखं तिला वाटलं.

आणि खरा फिटर अजून तिच्या आयुष्यात होता. वर्कशॉप सोडून ती या शहरात आली, स्वतःच्या नावानं लेथ चालवू लागली, तरी दर रविवारी अकराला त्याचा मौनीबाबाला फोन यायचा. ती गॅलरीत जायची, दार ओढून घ्यायची आणि घोगऱ्या आवाजात बोलायची. त्याच्या पोरीची शाळा, मौनीबाबाच्या मशिनचं बेअरिंग, असंच काहीबाही. खरं काय ते सांगून टाकायचं दर रविवारी ठरायचं आणि पुढच्या रविवारवर जायचं. सांगितलं आणि हा एक माणूस हातचा गेला तर?

फोन वाजला. घड्याळात दहा वाजून पंचवीसच मिनिटं झाली होती.

धाकटीनं केलं, मी नाही, एवढं सांगायचं ठरवून ती गॅलरीत गेली. दार ओढलं तरी आतलं हसणं ऐकू येत होतं.

"पोरीबरोबर टीव्ही बघत होतो," फिटर म्हणाला. "लोळून लोळून हसली ती."

थोरलीनं दार आणखी घट्ट ओढलं.

"वॉशर किती होते?" त्यानं विचारलं.

"एकशे बारा," ती म्हणाली. घोगरा आवाज लावायचं राहूनच गेलं.

तो दचकला नाही.

"तू बाई आहेस हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं, मौनीबाबा," तो म्हणाला. "मी अजून बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही."

आणि त्यानं फोन कट केला.