मामांची बढती

भाच्याला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षाची गोष्ट. मामा केबिनमध्ये आले तसा भाचा उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. मामांनी पलीकडच्या रिकाम्या गादीवाल्या खुर्चीकडे पाहिलं.

"ती मोडली का रे?"

"नाही मामा. समोरासमोर बसलं की वाद होतो. एका बाजूला बसलं की बोलणं सोपं जातं."

"मामी अन् मी एकाच पलंगावर बसून भांडतो," मामा म्हणाले आणि ऐसपैस बसले.

कारखाना कुलपांचा. मामा पॅकिंग खात्यात. खोक्यात घालण्याआधी प्रत्येक कुलूप ते किल्लीनं उघडून-लावून बघत, आणि तेवढ्यात शेजारच्याच्या घरची खुशाली विचारून घेत. भाच्याला इथं चिकटवला तोही मामांनीच. पोरगा शिकलेला, हुशार. चढत चढत मॅनेजर झाला. आता पॅकिंगचं यंत्र आलं होतं. मालकांनी सकाळीच भाच्याला बोलावून सांगितलं होतं, "मामांना आज घरी पाठव. तुझ्यानं होत नसेल तर तुम्हा दोघांना मी पाठवतो." आणि घरी तर दोन-दोन पाळणे हलत होते.

गेल्याच महिन्यात भाचा मॅनेजर लोकांच्या शिबिराला जाऊन आला होता. वाईट बातमी कशी द्यावी, ते तिथल्या टायवाल्या गुरुजींनी अर्धा दिवस शिकवलं होतं. शेजारी बसावं. चहा मागवावा. एखादी गमतीची माहिती सांगून मन हलकं करावं. मग मध्ये वाईट बातमी, अलीकडे-पलीकडे एकेक कौतुक. आणि अडलं तर गप्प बसावं, समोरचा आपणहून बोलायला लागतो.

चहा आला. भाच्यानं घसा साफ केला.

"मामा, जिराफाच्या एवढ्या लांब मानेत हाडं किती असतात, माहितीये? सात. आपल्या मानेत असतात तेवढीच."

मामांनी चहावर फुंकर घातली. "मग मालक आले की तुझीच एवढी कशी वाकते?"

माहिती वाया गेली. भाचा गप्प बसला. मामाही गप्प बसले. पंखा कुरकुरत राहिला. मामींबरोबर उभा जन्म संसार केलेला माणूस; गप्प बसण्यात त्यांचा हात धरील असा कारखान्यात कोणी नव्हता. घाम फुटला तो भाच्यालाच.

राहता राहिलं कौतुक. "मामा, तुमच्या हातून गेलेलं कुलूप कधी परत आलं नाही." मामांनी मान हलवली. "नव्या पोरांना तुम्हीच सांभाळता." खरंच होतं ते. "दोन खात्यांचं भांडण लागलं की तुम्हीच मिटवता." भाच्याची गाडी उताराला लागली. वाईट बातमी घशाशी आली की तो तिच्यावर आणखी एक कौतुक ठेवी, म्हणजे ती खाली बसे. असं करता करता तो मामांच्या हस्ताक्षरापर्यंत पोचला. मग मात्र सांगण्यासारखं काही उरलं नाही.

"तर मामा, थोडक्यात काय..." तो म्हणाला, आणि पुढे शब्दच फुटेना.

मामांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. कप खाली ठेवला. मिशा पुसल्या.

"थोडक्यात, मला बढती दिलीस," ते म्हणाले.

भाचा नाही म्हणेपर्यंत दार उघडलं होतं आणि मामा बाहेर उभे राहून खणखणीत आवाजात सांगत होते, "ऐका रे, साहेबांनी मला बढती दिली." यंत्रं थांबली. टाळ्या पडल्या. कोणीतरी शिट्टीही मारली.

नेमके तेव्हाच मालक जिना चढून आले. "बोललास का त्यांच्याशी?"

"बोलणं... झालं," भाचा म्हणाला. ते काही खोटं नव्हतं.

मालक पुढे होतात न होतात तोच मामांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "मालक, फार उपकार झाले. इतकी वर्षं राबलो, पण एवढं कौतुक कधी झालं नव्हतं."

मालक चाटच पडले. भाच्याला बाजूला घेऊन कुजबुजले, "मागे ड्रायव्हरला काढलं तर त्यानं चारही चाकांची हवा सोडली. आणि हा माणूस नोकरी गेली तरी आभार मानतो? असल्या माणसाला घालवतात होय? पुढच्या टेबलावर बसव त्यांना. तक्रारवाली गिऱ्हाइकं येतात, त्यांच्या पुढ्यात."

मामा तिथं बसले आणि चांगले जमले. कुलूप आपटत आलेलं गिऱ्हाईक जाताना मामांकडून स्वतःच्या सुनेविषयी सल्ला घेऊन जाई. भाच्याचीही खुर्ची टिकली. पुढे कुठंही चार पाहुणे जमले की तो हा किस्सा रंगवून सांगे. "कामावरून काढलं तरी आमच्या मामांना पत्ता नाही," असं म्हणे, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत ते मामाच.

शेवटी एकदा तो मामींच्या घरी हा किस्सा सांगत होता. पाहुण्यांनी घर भरलेलं होतं. सगळे हसले. मामी हसल्या नाहीत.

"त्यांना ठाऊक होतं रे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घरी आले ते चपलाही न काढता बसून राहिले. म्हणाले, मला कामावरून काढायचं होतं, पण पोराच्या तोंडून ते निघेना. मला बघवेना त्याच्याकडे. म्हटलं, आपणच त्याला सोडवावं."

भाच्यानं यावर मामांना काय म्हणायचं? मामा होते कुठं. थोरल्या मामेबहिणीचं लग्न झालं त्या वर्षी, एका रविवारी, कारखान्याला सुट्टी असताना मामा वारले होते.