चतुरा नाच बसवते

“आता मी जे सांगतो ना रामीबाई, त्याच्यावर कोनाचाच इस्वास बसनार नाई,” रहीमचाचा म्हणाला आणि दाराकडे बघून त्याने आवाज उतरवला.

दाराबाहेर रामीबाईचा नवरा दौलतसिंग पाठ करून दोर वळत बसला होता.

अनसिंगपासून कोसभरावरच्या या तांड्यात चतुराचं नाव घ्यायला बंदी होती. बारा वर्षांपूर्वी, सन पंचविसात, रामीबाई-दौलतसिंगाची ही लेक पोहरादेवीच्या जत्रेतून एका नाटक कंपनीच्या गाडीत बसून गेली. पंच बसले. जित्या पोरीचं तेरावं घातलं. बापाने डोकं भादरून घेतलं. तेव्हापासून ती तांड्याला मेलेली. तिच्याशी जो संबंध ठेवील तोही मेलेला.

रहीमचाचा त्याच कंपनीचा जुना तबलजी. हात थकले तसा तो बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरू लागला. पाच वर्षांपासून, रामनवमी झाली की तो तांड्यावर येई, आणि बांगड्या दाखवायच्या निमित्ताने आईला लेकीची खबर देई. त्या एका दुपारवर रामीबाई वर्ष काढी. मोतीबिंदूने डोळे झाकत आले होते. ते पुरते जाण्याआधी पोरगी एकदा दिसावी, बाकी तिचं देवाकडे मागणं नव्हतं.

सुरुवातीच्या खबरी साध्या असत. चतुराचा गुडघा दुखतो. चतुराचा खोकला जात नाही. मागच्या दोन वर्षांत मात्र चतुराने नशीब काढलं होतं. आणि आधी चाचा दिसला की शेताकडे निघून जाणारा दौलतसिंग आताशा दारातच बसून राही. पाळत ठेवतो, असं रामीबाईला वाटे.

“केनवडचा खेळ होता,” चाचा सांगू लागला. “राणीले साप डसते अन थे नाचता नाचता मरते. चतुरा कशी मरे सांगू? आधी बोटं मरत. मंग मनगट. मंग कोपर. डोये सगळ्यात शेवटी. बाया छाती पिटाले लागल्या. गडीमानसं उठले, बांबू तोडून आनले अन तिरडी बांधली ना बाई! खेळ संपला, पोरगी उठून सलाम करून राह्यली, त केनवडवाले म्हन्तात, बांधली तिरडी सोडाची कशी? शेवटी म्यानेजरले झोपवलं तिच्यावर अन येशीपर्यंत नेलं!”

रामीबाई ओढणी तोंडाला लावून हसली. डोळे पुसले. “अन गुडघ्याचं काय झालं?”

“गुडघा गेला. म्हनून काय थांबली? आता खुर्चीत बसून नाच बसवते. कलकत्त्याची मंडळी, चाळीस पोरी हाताखाली. गोरे सायेब टोप्या काढतात तिच्यापुढं. एकीचा पाय चुकला का काठी जमिनीवर ठक्कन! ‘मराचं त बोटापासून मर,’ म्हन्ते. ‘धाडकन पडाले पोतं हायेस काय?’”

“माह्यावानी बोलते,” रामीबाई म्हणाली.

बाहेर दौलतसिंग खोकला. चाचाने घाईने दोन बांगड्या पुढे केल्या.

“रहीमभाई, मले कधी दिसन थे?”

रहीमचाचाने इथे पेटी बंद करून उठायला हवं होतं. पण गोष्ट रंगली की त्याची जीभ त्याच्या ताब्यात राहत नसे.

“कधी म्हन्जे? येत्या पुनवेले अकोल्यात खेळ हाये त्याइचा. चतुरा सोता येनार.”

रामीबाई उठली. चाचपडत तिने खुंटीवरचा घागरा काढला, टोपलीतल्या दोन भाकरी फडक्यात बांधल्या.

“काय करून राह्यल्या, बाई?”

“वाशीमहून गाडी धरू. तुमी संग चला.”

“अवो, पंच काय म्हनतीन?”

“मलेबी मेली म्हनावं त्याइनं. दोघी मायलेकी मेलेल्या एका जागी राहू.”

“पुढच्या वर्सी जाऊ ना. ऊन केवढं हाये…” चाचा बांगड्या पेटीत भरू लागला.

“पुढच्या वर्सी डोये नाई राहनार, रहीमभाई.”

ती दाराकडे वळली. दारात दौलतसिंग उभा होता.

“आडवे येऊ नका,” ती म्हणाली. “बारा वर्सं तुमचं आयकलं. आज नाई आयकनार.”

दौलतसिंगाने तिच्याकडे पाहिलंच नाही.

“खोटं बोलून राह्यला हा!” तो रहीमचाचावर ओरडला. “तिले जित्ती ठेव म्हनलं होतं म्या तुले, बोलावून आन नव्हतं म्हनलं! दोन वर्सं झाले रहीम, त्याच अकोल्यात पोरीले माती देऊन आपन दोघंच त घरी आलो होतो.”