माणशी दोन

भैय्याजीने डालड्याचा डबा खडखडवला आणि व्हरांड्यातल्या अकरा म्हाताऱ्या माणसांनी तोंडं उघडली.

दुपारच्या गोळ्यांची वेळ. भैय्याजी सदर बाजाराच्या मागच्या त्या वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक. काखेत डबा, ओठाखाली तंबाखू. चुन्याने पांढरी झालेली दोन बोटं तो डब्यात घालायचा, हाती येतील त्या दोन गोळ्या उचलायचा आणि समोरच्या जिभेवर ठेवायचा. मग तीच ओली बोटं पुन्हा डब्यात. अकरा तोंडांची लाळ डब्याच्या तळाशी इतकी साचली होती की डबा उलटा केला तरी खालच्या गोळ्या पडत नसत.

आश्रमात कोणाच्या नावाची पुडी नव्हती. होती, तेव्हा भांडणं व्हायची. त्याले चार अन् मले एकच काहून? म्हणून भैय्याजीने साऱ्यांच्या गोळ्या एका डब्यात ओतल्या आणि माणशी दोन ठरवल्या. सकाळी दोन, दुपारी दोन, रात्री दोन. भांडण मिटलं. जो मरे, त्याच्या उरलेल्याही डब्यात जायच्या. एकदा एका कावळ्याने सांडलेल्या तीन गोळ्या खाल्ल्या. तो कडुलिंबावर चार दिवस झोपला आणि पाचव्या दिवशी उठून घुबडाच्या आवाजात बोलला, असं सारा आश्रम शपथेवर सांगायचा. त्यानंतर कावळ्यांनी ते आवार सोडलं. म्हाताऱ्यांना जायला जागा नव्हती.

पहिला नंबर रामाजींचा. सरकारी दवाखान्यात जन्मभर कंपाउंडरी केलेला माणूस. त्यांनी गोळ्या गालात धरल्या आणि भैय्याजी पुढे सरकताच उपरण्यात थुंकल्या. रोजचंच होतं ते. पण आज त्यांनी उपरणं डोळ्यांजवळ नेलं. पांढरी गोळी, मधोमध रेघ. शुगरची. चंपतरावांची. आणि चंपतरावांना जाऊन महिना होत आला होता.

शेजारी जयवंताबाई बसल्या होत्या. त्यांच्या जिभेवर नुकत्याच दोन ठेवल्या गेल्या होत्या. त्याही पांढऱ्या, त्याही रेघेच्या.

"जयवंताबाई, सकाळी कोनत्या आल्या होत्या वं?"

 जयवंताबाईंच्या कपाळावरून घामाची धार नाकाच्या शेंड्यावर आली होती आणि मांडीवरचे हात थरथरत होते. त्यांना शुगर नव्हती. चतुर्थी मात्र होती. कालच्या रात्रीपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

"दादा," रामाजींकडे पाहत त्या म्हणाल्या, "बैलं सोडले काय गा?"

रामाजी उठले. "भैय्याजी, साखर आण. मूठभर. धाव."

"काहून?"

"हिले सकाळी शुगरच्या गोळ्या चारल्या तू. उपाशी पोटी. आता आणखी दोन. बाई चालली आहे."

"घाम तं मलेही येऊन राहिला," भैय्याजी म्हणाला. "साखर राशनची आहे, कमिटीच्या चहाची. कपाटाले कुलूप, किल्ली सेक्रेटरीजवळ."

"गोळ्या उघड्यावर अन् साखर कुलपात?"

"गोळ्या कोन चोरते?"

जयवंताबाईंची मान छातीवर आली. रामाजींनी त्यांच्या तोंडात बोट घातलं आणि दोन्ही गोळ्या उकरून फरशीवर टाकल्या. एक अर्धी विरघळली होती. मग त्यांची नजर भैय्याजीच्या खुर्चीखाली गेली. पोत्याने झाकलेली टोपली होती. त्यांनी पोतं ओढलं. संत्री.

"कोनाची?"

भैय्याजीने पिचकारी टाकून घेतली. "तिचीच. तिच्या पुतण्यानं नरखेडहून एसटीत घालून धाडली. पण एकटीले कशी देऊ? सारखी वाटा लागते."

"कधी आली?"

"शनिवारी. मोजून राहिलो."

रामाजींनी संत्रं सोललं नाही. दातांनी फोडलं आणि जयवंताबाईंच्या ओठांशी धरून पिळलं. पहिल्याचा रस हनुवटीवरून लुगड्यावर गेला. दुसऱ्याचा अर्धा पोटात गेला. तिसऱ्याला त्यांनी गिळलं. चौथ्याला ठसका लागला. रामाजींच्या हातातून कोपरापर्यंत रस ओघळत होता आणि ते मोठ्याने, दवाखान्यातल्या आवाजात म्हणत होते, "गिळ वं माय, गिळ."

सातव्या संत्र्यावर हात थरथरायचे थांबले. जयवंताबाईंनी पदराने तोंड पुसलं, आधी रामाजींकडे आणि मग सालींकडे पाहिलं.

"रामाजी, उपास मोडला काय माहा?"

"संत्र उपासाले चालते."

"अन् थ्या गोळ्या? थ्या चालते काय?"

 रामाजी भैय्याजीकडे पाहत होते.

भैय्याजी वाकला होता. फरशीवरच्या दोन गोळ्या त्याने चिमटीत उचलल्या. एकीला संत्र्याचा धागा आणि कोणाचा तरी पांढरा केस चिकटला होता. त्याने केस काढला, गोळ्या धोतराच्या सोग्याला पुसल्या, त्यांच्यावर फुंकर घातली.

"औषध वाया कायले घालवता," तो म्हणाला आणि दोन्ही डब्यात टाकल्या.

मग त्याने डबा खडखडवला आणि पुढे वळला. खडखडवायची गरज नव्हती. बाकीची नऊ तोंडं इतका वेळ उघडीच होती.